एलईडी दिवे मंद कसे करावेत: डिमर, ड्रायव्हर आणि दिवा यांची जुळणी

जुन्या फिलॅमेंटच्या बल्बला कुठलाही डिमर चालायचा. नॉब फिरवला की उजेड कमी, उलटा फिरवला की जास्त. त्याच डिमरवर एलईडी बल्ब लावला की तक्रारी सुरू होतात: नॉब अर्ध्यावर आणला तरी फरक पडत नाही, मग एकदम विझतो, खाली आणला की फडफडतो, बोर्डातून गुणगुण ऐकू येते, बंद केल्यावरही अंधारात मिणमिणत राहतो. यातली बहुतेक लक्षणं बल्ब खराब असल्याची नसतात, जोडी चुकल्याची असतात. फिलॅमेंटच्या बल्बमध्ये उजेड किती हे डिमर ठरवतो. एलईडीमध्ये डिमर फक्त इशारा देतो, निर्णय बल्बच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपला वीज पुरवणारं सर्किट, घेतो. म्हणून निवडीची सुरुवात दिव्यापासून करायची आणि डिमर त्याला साजेसा शोधायचा. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं.

पुढचे आकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या पुरवठ्याचे आहेत. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर आकडे बदलतात, तत्त्व तेच राहतं.

फिलॅमेंटवर डिमर इतका छान का चालायचा

घरगुती डिमर व्होल्टेज सरसकट कमी करत नाही, तो विजेच्या लाटेचा तुकडा कापतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात दाब (व्होल्टेज) सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणजे अर्धं आवर्तन १० मिलिसेकंदांचं. ट्रायॅकचा (करंट चालू करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) साधा डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनात सुरुवातीला काही मिलिसेकंद थांबतो, मग चालू होतो आणि पुढच्या शून्यापर्यंत चालू राहतो. नॉब फिरवून आपण हा थांबण्याचा वेळ बदलत असतो.

समजा डिमर बरोबर ५ मिलिसेकंद थांबतो, म्हणजे अर्धी लाट कापली. बल्बला मिळणारा परिणामी दाब (आरएमएस) २३० वरून सुमारे १६३ व्होल्टवर येतो. फिलॅमेंटचा उजेड दाबाच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, त्यामुळे उजेड थेट ३० टक्क्यांच्या आसपास उतरतो. वीज मात्र अजून ५७ टक्क्यांच्या जवळपास लागत असते, कारण थंड झालेल्या तारेचा रोध कमी होतो आणि ती तुलनेने जास्त करंट ओढते. हिशेबाने ही जोडी वाईटच आहे: उजेड निम्मा केला तरी वीज ७० टक्क्यांच्या वर जळते.

डोळ्याला मात्र ती फार आवडते. आपल्याला जाणवणारा उजेड मोजलेल्या उजेडाच्या साधारण वर्गमुळाने बदलतो. मोजलेला ३० टक्के उजेड ५५ टक्क्यांसारखा वाटतो, २५ टक्के हा निम्म्यासारखा, १० टक्के हा जवळपास एकतृतीयांशासारखा. फिलॅमेंटचा स्वतःचा उतार या जाणिवेशी आपोआप जुळतो, म्हणून नॉब अर्ध्यावर म्हणजे उजेड अर्धा असं वाटायचं. कुणी तसं मुद्दाम आखलेलं नव्हतं, तारेचा स्वभावच तसा.

आणखी दोन गोष्टी फुकटात मिळायच्या. तार तापलेली असल्यामुळे लाटेतल्या खाचा उजेडात फारशा उतरत नसत. १० मिलिसेकंदांत ती पुरेशी थंडच होत नाही. आणि उजेड कमी होताना रंग २७०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका रंग केशरी) आसपासून केशरीकडे सरकायचा. एलईडीत या दोन्ही गोष्टी पैसे मोजून मिळवाव्या लागतात.

एलईडी बल्बच्या आत काय असतं

एलईडी चिप दाबावर नाही, करंटवर चालते. बल्बच्या बुडाशी असलेला ड्रायव्हर एसीचं डीसी करतो आणि चिपला ठरावीक करंट देतो. डिमरवर हा ड्रायव्हर कसा वागेल हे त्याच्या जातीवर अवलंबून आहे.

पहिली जात मोठ्या पल्ल्याची. बऱ्याच साध्या बल्बांवर १०० ते ३०० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ दाब खालीवर झाला तरी उजेड तसाच ठेवण्यासाठी ड्रायव्हर बनवला आहे. डिमर लाट कापू लागला की हा ड्रायव्हर प्रामाणिकपणे जास्त करंट ओढून कमतरता भरून काढतो आणि उजेड हलत नाही. नॉब खूप खाली गेला की त्याचा पुरवठा अपुरा पडतो, तो बंद पडतो, आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) पुन्हा भरतो, तो पुन्हा चालू होतो. हीच ती फडफड. असा बल्ब डिमरवर चालवत राहिलं तर आतले भाग जादा करंटने तापतात आणि तो लवकर मरतो.

दुसरी जात कपॅसिटर ड्रॉपरची, म्हणजे मालिकेतल्या कपॅसिटरने करंट रोखणारी. अगदी स्वस्त नाइट लॅम्प आणि काही हलके बल्ब याच जातीचे असतात. कपॅसिटरमधला करंट दाब किती वेगाने बदलतो यावर ठरतो. ट्रायॅक लाटेच्या शिखराजवळ चालू झाला तर दाब क्षणात शून्यावरून ३२५ व्होल्टवर उडी मारतो आणि कपॅसिटरमधून करंटचा मोठा झटका जातो, तोही सेकंदाला १०० वेळा. अशा दिव्याला डिमर कधीच नको. मंद होण्याऐवजी तो जळतो.

तिसरी जात डिमेबल ड्रायव्हरची. हा लाटेचा किती भाग कापला आहे हे ओळखतो आणि त्या प्रमाणात चिपचा करंट कमी करतो. शिवाय डिमरला चालू राहायला लागणारा किमान करंट तो आवर्जून ओढतो. खोक्यावर 'डिमेबल' असा शब्द किंवा डिमरची खूण नसेल, तर बल्ब पहिल्या दोन जातींतला आहे असंच धरून चालावं.

लीडिंग एज की ट्रेलिंग एज

ट्रायॅकचा डिमर लाटेची पुढची कड कापतो, म्हणून तो लीडिंग एज. तो १९६० च्या दशकापासून घराघरांत गेला, तेव्हा भार म्हणजे शेकडो वॅटच्या तारा. ट्रायॅकला चालू राहण्यासाठी काही मिलिअँपिअरपासून काही डझन मिलिअँपिअरपर्यंत करंट सतत वाहता लागतो. ६० वॅटच्या बल्बमधून सुमारे २६० मिलिअँपिअर जात असल्यामुळे हा प्रश्नच कधी आला नाही. ५ वॅटचा एलईडी सरासरी जेमतेम २२ मिलिअँपिअर घेतो, तोही लाटेच्या शिखराजवळ तुकड्यातुकड्याने. त्यामुळे ट्रायॅक मध्येच सुटतो, पुन्हा पकडतो, पुन्हा सुटतो, आणि दिवा लुकलुकतो.

ट्रेलिंग एज डिमर मॉस्फेट किंवा आयजीबीटी या जातीच्या ट्रान्झिस्टरवर चालतो. शून्यापाशी हळुवार चालू होतो आणि लाटेची मागची कड कापतो. दाबाची उडी नसल्यामुळे ड्रायव्हरच्या कपॅसिटरला झटका बसत नाही, गुणगुण बरीच कमी होते आणि किमान भारही कमी चालतो. घरातल्या डिमेबल एलईडीसाठी पहिली पसंती हीच ठेवावी. अपवाद एकच: बल्बच्या निर्मात्याने लीडिंग एज सांगितला असेल तर तोच घ्यायचा. काही ड्रायव्हर पुढची कड पाहूनच पातळी ओळखतात.

दोन्ही पद्धती निवडता येणारे डिमरही मिळतात. त्यांना युनिव्हर्सल म्हणतात. जुन्या घरात मिश्र दिवे असतील तर ते सोयीचे. मात्र लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर किंवा पंख्याची मोटर ट्रेलिंग एजवर कधी लावू नये. चालू करंट मध्येच तोडला की गुंडाळीतून उंच दाबाचे काटे उठतात आणि मॉस्फेट उडतो.

याच ओघात पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल. गोल नॉबचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आतून ट्रायॅकचाच असतो, तर टप्प्याटप्प्याने फिरणारा मालिकेतल्या कपॅसिटरवर चालतो. बोर्डात आयता बसलेला आहे म्हणून दोन्हींपैकी एकावरही एलईडी जोडू नये. पंख्याचा भार वेगळा, एलईडीचा वेगळा.

खरेदीपूर्वीचं गणित

आधी दिवे मोजा. समजा बैठकीच्या खोलीत ७ वॅटचे ८ डाउनलाइट आहेत, एकूण ५६ वॅट. जुन्या डिमरवर '४०० वॅट' छापलंय, म्हणजे भरपूर जागा आहे असं वाटतं. तो आकडा फिलॅमेंटचा आहे. एलईडी ड्रायव्हर चालू होताना क्षणिक मोठा करंट ओढतो, आणि चालू असतानाही करंट सलग न घेता टोकदार तुकड्यांत घेतो. एलईडीसाठी वेगळा आकडा दिलेला नसेल तर फिलॅमेंटच्या आकड्याचा एकदशांश धरावा: ४०० चे ४० वॅट. आपले ५६ वॅट त्यात बसत नाहीत. एलईडीसाठी १०० वॅट स्पष्ट लिहिलेला ट्रेलिंग एज डिमर घेतला तर बसतात आणि वर शिल्लकही राहते.

आता खालची बाजू. डिमरवर किमान भारही दिलेला असतो: जुन्या ट्रायॅकवर ४० किंवा ६० वॅट, एलईडीच्या डिमरवर त्याहून बराच कमी. किमान १० वॅटच्या डिमरवर ४ वॅटचा एकच वाचनाचा दिवा लावला तर तो डिमर कितीही चांगला असो, खालच्या टोकाला त्रास देणारच. भार किमान आकड्याच्या दुप्पट तरी असावा, म्हणजे एखादा दिवा गेला तरी बाकीचे नीट चालतात.

तिसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे दिवा किती खाली जातो. '१० टक्क्यांपर्यंत मंद' वाचायला छान वाटतं, पण डोळ्याला तो उजेड एकतृतीयांशासारखा दिसतो. जेवणाच्या टेबलासाठी ते पुरेसं आहे. झोपण्याच्या खोलीत किंवा टीव्हीसमोर ५ टक्के किंवा त्याहून खाली जाणारा दिवा लागतो, आणि १ टक्क्यापर्यंत जाणारा मिळाला तर तो घ्यावा.

चौथी, निर्मात्याची जुळणीची यादी. चांगले बल्ब बनवणारे कोणत्या डिमरवर, किती नग, किती खालपर्यंत चालले याची यादी देतात. कंटाळवाणी दिसते, पण पुढचे बरेच हेलपाटे वाचवते. ती मिळाली तर यादीतलंच मॉडेल घ्या. 'तसाच दिसणारा' नको.

शेवटी स्विचबोर्ड उघडून न्यूट्रल आहे का पाहा. दोन वायरींचा डिमर स्वतःची वीज दिव्यातूनच घेतो. न्यूट्रल लागणारा डिमर स्वतंत्रपणे चालतो, त्यामुळे फार कमी भारावर स्थिर राहतो आणि बंद केल्यावर दिव्यातून गळती सोडत नाही. नवीन वायरिंग करत असाल तर प्रत्येक दिव्याच्या बोर्डात न्यूट्रल ओढूनच घ्या. भिंत बंद झाल्यावर ती वायर फार महागात पडते.

बसवण्याची कृती

हे काम स्थिर वायरिंगचं आहे. तुमच्याकडे नियमानुसार ते परवानाधारकानेच करायचं असेल, तर त्याच्याकडूनच करून घ्या आणि पुढचे टप्पे तपासणीसाठी वापरा. साहित्य: डिमर, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, वायर सोलायचा पक्कड, मल्टीमीटर, चिकटपट्टी, पेन.

१. डिमर लावण्याआधी नवे डिमेबल दिवे साध्या स्विचवर पूर्ण उजेडात एकदा चालवून पाहा. दोष बल्बमध्ये असेल तर आताच कळतो.

२. त्या सर्किटचा एमसीबी (मुख्य बोर्डातला ब्रेकर) बंद करा. फक्त स्विच बंद करून बोर्ड उघडू नका. ज्या वायरींना हात लावायचा त्या फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ अशा मल्टीमीटरने तपासा. त्याआधी आणि नंतर तोच मल्टीमीटर एखाद्या चालू पॉइंटवर लावून तो नीट दाखवतो आहे ना, हे पाहून घ्या. निव्वळ निऑन टेस्टरवर विसंबू नये.

३. जुना स्विच सोडण्याआधी फोटो काढा आणि वायरींवर खुणा करा: येणारी फेज, दिव्याकडे जाणारी वायर, न्यूट्रल असल्यास न्यूट्रल. जिन्यातल्यासारखी दोन ठिकाणांहून चालणारी जोडणी असेल तर हे जास्तच गरजेचं.

४. डिमर फेजमध्येच बसतो. येणारी फेज एका टर्मिनलला, दिव्याकडे जाणारी दुसऱ्याला. खुणा निर्मात्यानुसार बदलतात, मागचा आराखडा पाहा. वायरचं सोललेलं टोक टर्मिनलबाहेर दिसता कामा नये, आणि स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा. सैल टर्मिनल आणि डिमरची ऊब एकत्र आली की प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही.

५. दोन ठिकाणांहून चालणाऱ्या दिव्यात डिमर एकच ठेवा. दुसऱ्या टोकाला साधा टू-वे स्विच किंवा त्या डिमरच्या निर्मात्याने सांगितलेलं बटण. दोन डिमर एकामागोमाग आले तर दुसऱ्याला आधीच कापलेली लाट मिळते आणि त्याचं वेळेचं गणित कोलमडतं.

६. डिमर पेटीत कोंबू नका. ट्रायॅकवर सुमारे सव्वा व्होल्ट पडतो, म्हणजे १ अँपिअर करंटला सव्वा वॅट उष्णता तिथेच तयार होते. शेजारीशेजारी दोन-तीन डिमर बसवत असाल, तर प्रत्येकाची क्षमता किती कमी धरायची ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. धातूचे पंख असलेला डिमर असेल तर जागेसाठी ते तोडताना क्षमता घटते हे लक्षात ठेवा.

७. झाकण लावा, एमसीबी चालू करा, दिवे पूर्ण उजेडावर १० मिनिटं चालू ठेवा. डिमर कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर भार किंवा जोडणी चुकली आहे.

किमान पातळी लावणं: सगळ्यात जास्त वगळला जाणारा टप्पा

एलईडीच्या बहुतेक डिमरांना किमान उजेड ठरवण्याची सोय असते: नॉबखाली बारीक स्क्रू, बाजूला छोटं चाक, किंवा बटण काही सेकंद दाबून उघडणारी सेटिंग. डिमर बसवून हे न करणं म्हणजे अर्धंच काम करणं.

सगळे दिवे जोडलेले असताना नॉब अगदी खाली आणा. किमानची सेटिंग हळूहळू कमी करत जा, एखादा दिवा फडफडेपर्यंत किंवा विझेपर्यंत. तिथून थोडी वर आणा, जिथे सगळे स्थिर राहतात. आता खरी परीक्षा: त्याच सर्वांत खालच्या पातळीवर दिवे बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. सगळे दिवे एकदम लागले तर सेटिंग बरोबर. एखादा मागे राहिला किंवा लागलाच नाही तर सेटिंग आणखी थोडी वर. याचं कारण असं की ड्रायव्हरला चालू राहायला जेवढं लागतं त्यापेक्षा थंड अवस्थेतून सुरू व्हायला जास्त लागतं. काही डिमरांत सुरुवातीला क्षणभर जास्त उजेड देऊन मग खाली आणण्याची सोय असते. ती असेल तर चालू करा.

हीच परीक्षा संध्याकाळी, घरात इतर उपकरणं चालू असताना पुन्हा घ्या. पंप किंवा इस्त्री चालू होताना दाब क्षणभर उतरतो. पूर्ण उजेडात ते कळत नाही, पण ५ टक्क्यांवरचा दिवा लगेच पापणी लववतो. तसं झालं तर किमान पातळी थोडी उचलावी.

वरच्या टोकाला पूर्ण उजेड किंचित कमी वाटला तर घाबरू नका. दोन वायरींचा डिमर स्वतःच्या पुरवठ्यासाठी प्रत्येक लाटेचा छोटा तुकडा राखून ठेवतो.

काय बिघडतं आणि का

*बंद केल्यावरही दिवा मिणमिणतो.* दोन वायरींच्या डिमरमधून किंवा खूण दाखवणाऱ्या निऑनच्या स्विचमधून बारीक करंट गळतो. फिलॅमेंटला तो जाणवतही नसे. एलईडीला मिणमिणायला तेवढा पुरतो, किंवा कपॅसिटर भरत जाऊन दर काही सेकंदांनी लख्ख चमक येते. लांबवर समांतर ओढलेल्या वायरींतूनही असा करंट उतरू शकतो. उपाय म्हणजे डिमरच्या निर्मात्याचा बायपास किंवा डमी लोड, म्हणजे गळतीच्या करंटला दुसरी वाट देणारा छोटा भाग. तो दिव्यापाशी फेज आणि न्यूट्रलमध्ये, दिव्याला समांतर जोडायचा. डिमरच्या दोन टर्मिनलांवर नाही. सहसा एका सर्किटला एक पुरतो. रेझिस्टरच्या जातीचा असेल तर तो तापतो, म्हणून कापूस, थर्मोकोल किंवा लाकडाच्या सान्निध्यात ठेवू नका. पूर्वी लोक आठ एलईडींमध्ये एक फिलॅमेंटचा बल्ब ठेवून हेच साधायचे. चालतं, पण वाचवलेली वीज त्या एका बल्बमध्ये जाते.

*काही दिवे आधी विझतात, काही नंतर.* एकाच डिमरवर वेगवेगळे बल्ब मिसळले आहेत. प्रत्येक ड्रायव्हरचा उतार वेगळा. एका सर्किटवर एकच मॉडेल ठेवा. नुसते वॅट सारखे असून भागत नाही.

*नॉबचा अर्धा पल्ला मेलेला.* ड्रायव्हरचा प्रतिसाद अरुंद आहे किंवा किमान-कमाल सेटिंग झालेली नाही. आधी सेटिंग, मग दुसरा बल्ब लावून खात्री.

*गुणगुण.* आवाज कुठून येतो ते आधी शोधा. डिमरमधून येत असेल तर तो त्याच्या चोकचा (आतल्या गुंडाळीचा), भार जास्त असल्याची खूण. बल्बमधून येत असेल तर ड्रायव्हरची गुंडाळी किंवा सिरॅमिक कपॅसिटर दाबाच्या उडीने थरथरतोय. लीडिंग एज बदलून ट्रेलिंग एज लावल्यावर हा आवाज बहुतेकदा जातो. सगळ्यात जास्त आवाज नॉब मध्यावर असताना येतो, कारण तिथेच लाट शिखरावर कापली जाते.

*डोळ्याला न दिसणारी थरथर.* डोकं जड होतं, पण फडफड दिसत नाही. दिव्याखाली पेन वेगाने हलवून बघा. सलग धूसर पट्टा दिसला तर ठीक. पेनाच्या सुट्यासुट्या प्रतिमा दिसल्या तर उजेड थरथरतोय. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्येही १०० हर्ट्झची थरथर स्पष्ट दिसते. ही चाचणी पूर्ण उजेडात आणि मंद करून, दोन्ही वेळा करा. पूर्ण उजेडात शहाणा वाटणारा ड्रायव्हर २० टक्क्यांवर बिघडू शकतो. आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या १७८९ क्रमांकाच्या, २०१५ च्या शिफारशीनुसार १०० हर्ट्झला उजेडातला चढउतार ८ टक्क्यांच्या आत असेल तर धोका कमी. अभ्यासाच्या टेबलावर तरी ही चाचणी पास झालेलाच दिवा लावा.

*इन्व्हर्टरवर आल्यावर दिवे नाचतात.* स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. साइन लाट धरून वेळ मोजणारा डिमर त्यावर गोंधळतो. प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर ठेवा, नाहीतर बॅकअपचे दिवे डिमरविना वेगळ्या सर्किटवर घ्या. बॅटरी आत असलेले इमर्जन्सी बल्ब आणि सेन्सरचे बल्बही डिमरवर लावायचे नाहीत.

*बल्ब बदलताना झटका.* डिमर बंद असला तरी होल्डरमध्ये गळतीचा दाब असू शकतो, टेस्टरही पेटतो. बल्ब काढण्याआधी एमसीबी बंद करा. आणि डिमरमागचा दाब मोजायचाच असेल तर ट्रू आरएमएस, म्हणजे खरा परिणामी दाब मोजणारा, मल्टीमीटर वापरा. साधा मीटर कापलेल्या लाटेवर चुकीचा आकडा दाखवतो.

१२ आणि २४ व्होल्टच्या पट्ट्या

फॉल्स सीलिंगमधल्या एलईडी पट्टीचा मामला वेगळा. तिला ठरावीक डीसी दाब देणारा पॉवर सप्लाय लागतो, आणि साध्या सप्लायला भिंतीवरच्या डिमरमागे लावलं तर तो वर सांगितलेल्या पहिल्या जातीसारखाच वागतो. सोपा मार्ग म्हणजे सप्लाय आणि पट्टीच्या मध्ये पीडब्ल्यूएम डिमर. तो पट्टीला पूर्ण दाब देतो, पण सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा चालू-बंद करतो; चालू राहण्याचं प्रमाण बदललं की उजेड बदलतो.

उदाहरण घ्या: २४ व्होल्टची, मीटरला ९.६ वॅटची ५ मीटर पट्टी. एकूण ४८ वॅट, करंट २ अँपिअर. सप्लाय २० ते २५ टक्के मोठा, म्हणजे ६० वॅटचा. डिमर निदान ३ अँपिअरचा, ५ चा मिळाला तर उत्तम. १२ व्होल्टला तेवढ्याच वॅटसाठी ४ अँपिअर लागतात, वायर जाड लागते आणि पट्टीचं लांबचं टोक मंद दिसतं. म्हणून लांब पट्टीला २४ व्होल्टच घ्यावी. डिमर घेताना पीडब्ल्यूएमची वारंवारता पाहा. काहीशे हर्ट्झवाला डिमर मोबाइलच्या चित्रात काळे पट्टे उठवतो. ३००० हर्ट्झच्या वरचा घ्यावा.

हॅलोजनच्या जागी १२ व्होल्टचे छोटे एलईडी स्पॉट लावले असतील तर छतातला जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मरही काढा. त्यालाही किमान भार लागतो, बऱ्याचदा २० वॅट किंवा जास्त, आणि ५ वॅटच्या स्पॉटवर तो धड सुरूच होत नाही.

स्मार्ट बल्ब आणि केशरी उजेड

वाय-फाय, ब्लूटूथ किंवा झिगबीवर चालणाऱ्या बल्बचा डिमर त्याच्या आतच असतो. त्याला साध्या स्विचवर पूर्ण दाब हवा. भिंतीवरच्या डिमरमागे तो लावला की संपर्क तुटतो, आणि ड्रायव्हरचंही नुकसान होतं. दोन्ही हवे असतील तर भिंतीवर बल्बला संदेश पाठवणारं वायरलेस बटण लावा, डिमर नको.

मंद होताना जुन्या बल्बसारखी ऊब हवी असेल तर वॉर्म डिम किंवा डिम टू वॉर्म लिहिलेले दिवे घ्या. हे पूर्ण उजेडात २७०० केल्विनच्या आसपास असतात आणि खाली जाताना साधारण १८०० केल्विनपर्यंत सरकतात. साधा एलईडी मंद केला तरी रंग तोच धरून ठेवतो. ४००० केल्विनचा दिवा १० टक्क्यांवर पांढुरका, उदास वाटतो. वॉर्म डिम नसेल तर ज्या खोलीत संध्याकाळी मंद उजेड लागतो तिथे २७०० केल्विन घ्यावा.

वीज आणि आयुष्य या बाबतीत एलईडीला स्पर्धा नाही. उजेड निम्मा केला की वीजही जवळपास निम्मी होते, फक्त ड्रायव्हरचा स्वतःचा थोडा खर्च राहतो. मंद चालवल्याने चिप आणि कपॅसिटर थंड राहतात. ४० वॅट बदलून ५ वॅट लावलेल्या ठिकाणी मंद करून आणखी वाचणारी वीज मात्र फारच थोडी. डिमर सोयीसाठी घ्यावा, बिलासाठी नाही.

सगळं जुळून आलं की डिमरचा मॉडेल क्रमांक, बल्बचा मॉडेल क्रमांक आणि लावलेली किमान पातळी बोर्डाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, आणि त्याच मॉडेलचे एक-दोन बल्ब जास्तीचे घेऊन ठेवा. निर्माते नाव आणि खोकं तेच ठेवून आतला ड्रायव्हर बदलतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी आणलेला 'तोच' बल्ब बाकीच्या सातांआधी विझायला लागतो.